भुंगेऱ्यांवर संशोधन करून पोट भरतं का?

तुमचा प्रश्न असा: झूलॉजीत बी.एस्सी. चालू आहे, किड्यांची आवड आहे; भुंगेऱ्यांवर काम करून करिअर होतं का, आणि ही माणसं दिवसभर नेमकं करतात काय?

मी शेणकिड्यांवर, म्हणजे शेणावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांवर काम करते. दिवसभर काय करते हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाईंनी नाकाला पदर लावला होता. कारण कामाची सुरुवात शेण गोळा करण्यापासून होते. प्लॅस्टिकचा डबा, काठ जमिनीच्या पातळीत येईल असा पुरायचा, तळाला साबणाचं पाणी, वर काडीला शेणाची पुरचुंडी. दुसऱ्या दिवशी गाळून घ्यायचं. राधानगरीत गव्याचं ताजं शेण दिसलं की आमचे वाटाडे मामा हाक मारतात, "मॅडम, तुमचा माल आला!"

अशा शेणापाशी कधी तरी नुसतं बसून बघा. आधी घूंऽ आवाज येतो, मग एखादा काळा ठोकळा टपकन येऊन आदळतो. काही जातींचे किडे शेणातच राहतात, काही थेट खाली बीळ पाडून शेण आत ओढतात, आणि काही गोळा वळून पळ काढतात. हे पळणारे बघण्यासारखे. डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, उलटं चालत ढकलायचं. मधेच गोळ्यावर चढून एक गिरकी घ्यायची, दिशा पक्की करायला. दक्षिण आफ्रिकेतली एक जात रात्री चक्क आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते, हे 2013 साली सिद्ध झालं. त्यासाठी किड्यांना तारांगणात नेलं, काहींना आकाश दिसू नये म्हणून पुठ्ठ्याच्या टोप्याही घातल्या. त्या वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं ते उगीच नाही.

पण असे दिवस थोडे. उरलेलं वर्ष मायक्रोस्कोपखाली जातं. टाचणी उजव्या पंखावरच्या कवचातून टोचायची, मधोमध नाही. अगदी बारके किडे कागदाच्या त्रिकोणी टोकाला चिकटवायचे. दिसायला सारख्या दोन जातींचा निवाडा बऱ्याचदा नराचं जननेंद्रिय सोडवून काढल्यावरच होतो, आणि ओळख पटवायला आजही आम्ही 1931 सालचा, ब्रिटिश काळातला ग्रंथ उघडतो. इथे चिकाटी नसेल तर जंगलाची आवड कामाची नाही.

"याचा उपयोग काय?" हे तुम्हाला लग्नाच्या पंगतीतही विचारतील. ऑस्ट्रेलियातले शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गोऱ्या लोकांनी गाई नेल्या, शेणाचे पोवटे तसेच पडून राहिले, गवत दबलं, माश्या माजल्या. शेवटी जॉर्ज बोर्नेमिझा या हंगेरियन शास्त्रज्ञाच्या आग्रहाने बाहेरून शेणकिडे आणून 1968 पासून सोडायला लागले. आपल्याकडे मला जास्त काळजी आयव्हरमेक्टिनची वाटते. जनावराला जंतांसाठी दिलेलं हे औषध शेणातून बाहेर पडतं आणि किड्यांच्या अळ्या मारतं. गावात मात्र सगळे विचारतात, "हुमणीवर काय मारू?" पिकांची मुळं खाणारी हुमणी अळीही याच कुळातल्या भुंगेऱ्यांची, त्यामुळे चुलतभावाच्या गुन्ह्याची चौकशी आमच्याकडे होते.

पैशांचं स्पष्ट सांगते. एम.एस्सी.ला देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) बघा, नेट परीक्षेची तयारी ठेवा. पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन या. कायम नोकऱ्या मोजक्या. बाकी सगळं प्रकल्पावर, आणि प्रकल्प संपला की पगार संपला. माझी फेलोशिप एकदा सात महिने अडकली होती, तेव्हा मी दहावीच्या शिकवण्या घेतल्या. अभयारण्यात काही गोळा करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. ती येईपर्यंत कधी कधी पावसाळा उलटतो.

एवढं वाचूनही इच्छा टिकली असेल तर पहिला पाऊस पडल्यावर जवळच्या गोठ्यात जा आणि कालचा पोवटा काडीने उकलून बघा. एक भिंग न्या. हातमोजेही न्या, मी घालत नाही, पण माझं लग्न झालेलं आहे.