किनारा पाहण्याआधी भरतीची वेळ पाहा

समुद्रकाठच्या शहरात पहिल्यांदाच जाणार असाल, तर राहण्याच्या जागेइतकेच लक्ष भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाकडे द्यावे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आज ज्या वाळूवरून तुम्ही खडकापर्यंत चालत गेलात, ती चार दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा तर खडकाच्या टोकाशी रेंगाळूच नये. मी एकदा रेंगाळलो आणि चपला हातात धरून गुडघाभर पाण्यातून परतलो.

पोहायचे असेल, तर फुटणाऱ्या लाटांच्या मध्येच जो पट्टा गुळगुळीत आणि शांत दिसतो, तो नेमका टाळावा, कारण किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा तिथूनच वेगाने समुद्राकडे परतत असते. त्या ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यावे.

मच्छीमारांच्या वस्त्या मात्र पहाटे पाहाव्यात, होड्या परतण्याच्या सुमारास. वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे.