लाल कोरीव मण्यांची कानातली: पारा, प्लॅस्टिक की खरं लॅकर?

प्रश्न: ताई, मी हौसेने घरी मण्यांची कानातली बनवते. मावशीच्या तुटलेल्या हारातले लाल कोरीव मणी मला मिळालेत, हार चीनमधला आहे एवढंच तिला आठवतंय. दोन मोठे मणी घेऊन लोंबती कानातली करायचीयेत, पण एक मैत्रीण म्हणते यात पारा असतो घालू नकोस, दुसरी म्हणते साधं प्लॅस्टिक आहे. भोकही इतकं बारीक आहे की माझी पिन जात नाही. ड्रिल मारू का?

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. ड्रिल नका मारू, अजिबात नको.

तुमची पहिली मैत्रीण उगाच घाबरवत नाहीये. हे मणी सिनाबार नावाने विकले जातात, आणि सिनाबार म्हणजे आपला हिंगूळ, पारा आणि गंधक यांचं संयुग. चिनी कोरीव लॅकरचा, म्हणजे झाडाच्या चिकाचे थरावर थर देऊन मग कोरलेल्या कडक लेपाचा, तो गडद लाल रंग पूर्वापार हिंगुळाचाच. पण हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि इथे तो कडक झालेल्या लॅकरमध्ये बंद असतो, त्यामुळे अखंड मणी कानात घालायला भीती नाही. भीती आहे ती भुकटीची आणि उष्णतेची. ड्रिल, कानस, सँडपेपर, तापवलेली सुई यातलं काहीही त्याला लावायचं नाही, कारण हिंगूळ तापला की पाऱ्याची वाफ सुटते. सुरुवातीच्या दिवसांत मी अशाच एका मण्याचं भोक कोरून मोठं करायला गेले होते, बोटांवर लाल पूड आली आणि भोकाच्या कडेचा पापुद्रा एका पाकळीसकट उडाला. तो मणी परत जुळला नाही, आणि ती पूड काय होती हे नंतर कळलं तेव्हा पोटात गोळा आला. तुमच्या घरात लहान मूल असेल तर हे मणी त्याच्या तोंडात जाणार नाहीत एवढं मात्र बघाच.

आता प्लॅस्टिक की खरं. इथे एक घोटाळा आधी सोडवू, बरेच जण लॅकर म्हणजे लाख समजतात. शब्द लाखेवरूनच आलाय, पण लाख किड्यापासून मिळते आणि गरम केली की वितळते. चिनी लॅकर हा झाडाचा चीक, आणि ते झाड आंबा, काजू, बिब्ब्याच्या कुळातलं, त्यामुळे बिब्बा उततो तसाच कच्चा चीकही अंगावर उततो. गंमत म्हणजे हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमट आणि उबदार जागा लागते, तिथेच तो घट्ट होतो. एक थर द्यायचा, तो धरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. एक मिलीमीटर जाडीला पंधराच्या आसपास थर लागतात, चांगल्या कामात शंभराच्या वर जातात, म्हणजे नुसते थर चढवण्यात महिनेच्या महिने जातात आणि सुरी त्यानंतर हातात येते. एक चुकीचा काप गेला तर सगळी मेहनत पाण्यात. चीनच्या युआन घराण्याच्या काळात (1271–1368) चांग छंग आणि यांग माओ हे दोघे या कामासाठी नावाजले, पुढे मिंग आणि छिंग बादशहांच्या दरबारात याला फार मान होता. बीजिंगची कोरीव लॅकर कला 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली. जुन्या डब्या-तबकांवर तर आकाश, पाणी आणि जमीन यांना तीन वेगळ्या बारीक नक्षी असतात, एकदा डोळ्याला कळलं की चित्र वाचताच येतं.

तर तुमचा मणी भिंगाखाली उजेडात धरा. कोरलेल्या खोल कडेला किंवा टवका उडालेल्या जागी बारीक बारीक थरांच्या रेषा दिसल्या, पाकळीच्या कडा धारदार असल्या, दोन मण्यांत उन्नीस-बीस फरक असला तर हाताने कोरलेला असण्याची शक्यता खूप. भोकात डोकावून बघा, खऱ्या मण्यात बहुतेक लाकडाचा नाहीतर धातूचा गाभा असतो. सगळे मणी हुबेहूब सारखे, नक्षीच्या कडा बोथट, मधोमध साच्याची जोडरेघ असेल तर रंग मिसळून ओतलेलं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. बाजारात हल्ली हेच जास्त. दिसायला ते सुंदर असतं, मीही वापरते, पण विकताना त्याला कोरीव लॅकर म्हणू नका. शंभर थर चढवणाऱ्या माणसावर तो अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. आणि रेझिनच्या रंगात काय घातलंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून त्यालाही ड्रिल नको.

भोक बारीक आहे तर पिनचा हट्ट सोडा आणि दोऱ्याने ओवा. मजबूत बारीक नायलॉन दोरा सुईने मण्यातून खाली आणा, खाली काचेचा दोन मिलीमीटरचा छोटा मणी घ्या, त्याला वळसा घालून त्याच भोकातून दोरा वर न्या, वर आणखी एक छोटा मणी आणि मग कडी. वर-खाली काचेचे मणी असले की धातू लॅकरच्या कडेवर घासत नाही, टवके उडतात ते नेमके तिथूनच. सुई अडली तर जोर लावू नका, आणखी बारीक सुई घ्या. गाभा लाकडाचा असेल तर मोठा मणीही कानाला हलका लागतो.

प्रश्न: तयार हुक घातले की कान खाजतात, लाल होतात. मण्यांमुळे असेल का?

उत्तर: मणी कानाच्या भोकात जात नाही, हुक जातो. बहुतेक वेळा हे निकेलमुळे होतं. टायटॅनियम किंवा निओबियमचे हुक लावून बघा, आणि कान चिघळला असेल तर पूर्ण बरा होईपर्यंत काहीच घालू नका, डॉक्टरला दाखवा.

प्रश्न: लाल लॅकरची कानातली खिडकीत टांगून ठेवली होती, रंग काळपट झालाय. धुऊ का?

उत्तर: धुण्याने जाणार नाही. हिंगूळ उजेडाने काळवंडतो आणि लॅकरलाही ऊन सोसत नाही, त्याची चकाकी मरते. मऊ कोरड्या कापडाने पुसा, नक्षीतली धूळ मऊ ब्रशने काढा, आणि आता झाकणाच्या डबीत ठेवा, एसीच्या झोतापासून लांब, कारण हवा फार कोरडी झाली की लाकडी गाभा आकसतो आणि वरच्या थराला चीर जाते.