विशारद झाल्यानंतर संगीत शिक्षण किंवा कला व्यवस्थापन या क्षेत्रात उपजीविका होऊ शकते का?

आपण विचारले आहे की, वाणिज्य शाखेची पदवी आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीत परीक्षा पूर्ण झाली आहे, पण मैफलीची गायिका होण्याइतकी तयारी नाही असे गुरूंनीच स्पष्ट सांगितले आहे. अशा वेळी संगीत शिक्षण किंवा कला व्यवस्थापन यांत करिअर करता येईल का आणि त्यासाठी कोणता अभ्यासक्रम करावा. प्रश्नाच्या शेवटी ‘की हे फक्त गाणे न जमलेल्यांचे काम आहे?’ असेही आपण विचारले आहे. मी उत्तर लिहायला बसले ते मुख्यतः या शेवटच्या वाक्यामुळे.

मी शाळेत संगीत शिकवते आणि सांगली-मिरज भागातील एका संगीत संस्थेच्या कार्यक्रमांचे व्यवस्थापन बरीच वर्षे माझ्याकडे होते. हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या पालकांकडून, नातेवाइकांकडून आणि क्वचित कलाकारांकडूनही ऐकले आहे. ते साफ चुकीचे आहे. ज्या परंपरेतली परीक्षा आपण दिली त्या परंपरेकडेच पाहा. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अभ्यासक्रम, स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, परीक्षा आणि गाणे शिकवून पोट भरू शकणाऱ्या शिष्यांची फळी हे सर्व त्यांनी उभे केले, आणि त्यांच्या गायकीबद्दल कोणी शंका घेतली नाही. त्याच संस्थेची मुंबईतील इमारत कर्जापायी लिलावात गेली. पुढे १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, म्हणून तर आज आपल्या हातात विशारदचे प्रमाणपत्र आहे. संस्था चालवण्याचे काम किती मोलाचे असते हे समजण्यासाठी मला याहून मोठे उदाहरण लागत नाही.

आता माझ्या अनुभवाविषयी. आमच्या वार्षिक महोत्सवात दुसऱ्या सत्राला पुण्याचे एक ज्येष्ठ गायक यायचे होते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांची प्रकृती बिघडल्याचा फोन आला आणि धावपळीनंतर कोल्हापूरच्या एका गायिकेने ऐनवेळी येण्याचे कबूल केले. कार्यकारिणीची लगेच बैठक बसली आणि फलकावरचे नाव बदलायचे की त्यावर कागद चिकटवायचा, यावर चर्चा सुरू झाली. मी बाहेर येऊन गायिकेला एकच प्रश्न विचारला, ‘आपली पट्टी कोणती?’ पट्टी म्हणजे गाण्याचा आधारस्वर. त्यांची पट्टी ‘काळी चार’ होती आणि आमची सगळी जुळवाजुळव पुरुष गायकाच्या ‘काळी एक’ची होती. ज्यांना गाण्यातले कळते त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. मोठ्या भोपळ्याचे जाड तारांचे तंबोरे निरुपयोगी झाले, तबलजींनी आणलेला तबला निरुपयोगी झाला आणि हातात जेमतेम दुपार उरली. मी मिरजेला एका सतारमेकरांकडे गेले. त्यांनी लेडीज तंबोऱ्यांची जोडी काढून दिली, त्यातल्या एकाची जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा गुंजणारा नाद, बसलेली होती म्हणून तिथेच पटाशीने घोडी तासून, तारेखाली सूत सरकवत सरकवत आवाज मोकळा करून दिला. काळी चारचा तबला शहरातल्याच एका क्लासमधून मिळाला.

संध्याकाळी तंबोरे ग्रीनरूममध्ये न लावता मी ते रंगमंचावरच लावायचे ठरवले आणि त्याआधी सगळे दिवे पूर्ण प्रकाशाने सुरू करून ठेवायला लावले. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात; आतल्या खोलीत सुरेल लावलेला तंबोरा रंगमंचावर आला की थोड्याच वेळात बेसूर होतो आणि मग कलाकार भर मैफलीत खुंट्या पिळत बसतो. गायिकांनी मालकंस गाणार असल्याचे सांगितले होते, आणि त्या रागात पंचम नसतो, म्हणून पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावली. त्या आल्या, तंबोऱ्यांच्या मध्ये बसल्या, डोळे मिटून क्षणभर ऐकले, सूर बारीक जुळवण्यासाठी तारेवरचा एक मणी किंचित सरकवला आणि षड्ज लावला. त्या दिवशी मालकंस फार सुंदर झाला. ते गाणे त्यांचे होते, त्यात माझा वाटा मी सांगत नाही. पण ते गाणे त्या दिवशी, त्या ठिकाणी होऊ शकले, हे काम माझे होते, आणि ते करण्यासाठी संगीत यावे लागते, हे मी कोणासमोरही म्हणायला तयार आहे.

महोत्सव संपल्यावर हिशेब झाले. कलाकारांना बिदागी, साथीदारांना मानधन, ध्वनिक्षेपणवाल्यांना, मांडववाल्यांना, फुलवाल्यांना त्यांचे पैसे मिळाले आणि मला शाल व श्रीफळ मिळाले. त्याआधीही वर्षानुवर्षे हेच होत होते. पुढच्या बैठकीत मी व्यवस्थापनाच्या कामासाठी ठरावीक मानधन मिळावे असा लेखी अर्ज दिला. आमचे अध्यक्ष वयाने आणि मानाने मोठे होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बाई, ही संगीताची सेवा आहे. सेवेचे बिल कसे काढायचे?’ बैठकीतील कोणीही काही बोलले नाही. मी त्या वर्षअखेरीस ते काम सोडले.

त्यांना तेव्हा जे उत्तर द्यायचे राहिले ते आपल्याला उपयोगी पडेल, म्हणून येथे देते. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि तेथे मोठमोठे कलाकार बिदागीची अपेक्षा न ठेवता हजेरी लावतात. ती सेवा आहे, कारण ती देणाऱ्याने स्वतः ठरवलेली आहे आणि तेथे कोणा एकालाच ती सक्तीने करावी लागत नाही. जेथे बाकी प्रत्येकाला पैसे मिळतात आणि तंबोऱ्यांची, प्रवासाची, परवानग्यांची व हिशेबांची जबाबदारी घेणाऱ्या माणसालाच सेवेची आठवण करून दिली जाते, तेथे संगीताचा सन्मान होत नाही. फक्त एका माणसाचे वेतन वाचवले जाते. आणि हे माणूस बहुतेक वेळा स्त्री असते, हेही मी पाहिले आहे.

अभ्यासक्रमाविषयी थोडक्यात सांगते. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर केवळ विशारद पुरणार नाही, संगीतात एम.ए. आणि त्यापुढे नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा करावी लागेल. पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ हे पर्याय आपल्या जवळचे आहेत. खाजगी शाळांमध्ये विशारदवर नोकरी मिळते, मात्र अनेक ठिकाणी बी.एड. विचारतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार १०० पेक्षा जास्त मुले असलेल्या शाळांत सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचे अंशकालीन शिक्षक असायला हवेत, पण त्यातून मिळणारे काम अंशकालीनच असते, त्यावर घर चालवण्याचा हिशेब मांडू नका. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून खाजगी क्लासना विद्यार्थी पुष्कळ येतात. त्यातील बरेच जण गुण मिळाल्यावर येत नाहीत, आणि त्यांना केवळ परीक्षेपुरते पाच-सात राग घोकून देण्याची जी पद्धत पडली आहे ती मला मुळीच मान्य नाही. पैसे त्यातून मिळतात, हे मात्र खरे.

व्यवस्थापनासाठी आपली वाणिज्य शाखेची पदवी ही आपली सर्वांत मोठी शिदोरी आहे, आणि आपण तिचा उल्लेख जणू अडचण असल्यासारखा केला आहे याचे मला वाईट वाटले. संगीत जाणणारे आणि ताळेबंद वाचू शकणारे लोक संस्थांना मिळत नाहीत. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षण अहवाल द्यावा लागतो, देणगीदार करसवलतीसाठी ८०जी प्रमाणपत्र विचारतात, कलाकाराच्या ठरावीक मर्यादेपुढील मानधनातून टीडीएस कापावा लागतो, उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि पोलीस परवानगी आधी काढावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चाच्या, यादीत कला आणि संस्कृती यांचाही समावेश आहे, पण कंपनीला नीट प्रस्ताव लिहून देणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणच्या संगीत मंडळात सहसा नसतो. तो माणूस आपण होऊ शकता. मोठ्या पगाराच्या जागा मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रासारख्या संस्थांत किंवा गोव्यातील मोठ्या महोत्सवांत असतात आणि तेथे इंग्रजी पत्रव्यवहार चांगला लागतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझा अनुभव लहान शहरांतील शास्त्रीय संगीताचा आहे. नाटक, चित्रकला किंवा व्यावसायिक इव्हेंटच्या क्षेत्रातील व्यवहार वेगळे असतात. सर्वच संस्था आमच्या अध्यक्षांसारख्या विचारांच्या नसतात. सध्या मी ज्या संस्थेसाठी काम करते ती ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम देते. आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षे शिकवण्या व व्यवस्थापन दोन्ही एकत्र करूनच गुजराण होईल, घरच्यांना तशी कल्पना देऊन ठेवा.

आपल्याकडे पहिले काम आले की, ते कितीही ओळखीच्या माणसाचे असो, कामाचे स्वरूप, रक्कम आणि ती देण्याची तारीख असलेले पत्र घ्या. समोरून सेवेचा विषय निघाला तर नम्रपणे विचारा की ध्वनिक्षेपणवाल्यांनाही हेच सांगितले आहे का. आणि एम.ए.चा विचार करत असाल तर या वर्षीचे प्रवेश अर्ज कधी सुटतात ते आजच पाहून ठेवा. प्रवेशाच्या वेळी प्रत्यक्ष गायन ऐकतात, तेव्हा एक राग विलंबित आणि द्रुत, म्हणजे संथ आणि जलद लयीत, असा नीट तयार हवा.