३२ वर्षं जुन्या इमारतीत रीसेल फ्लॅट घेतोय. बँकेचं व्हॅल्युएशन झालंय, तरी वेगळी स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यावी का? खर्च किती येतो?

घ्या. आणि टोकन देण्याआधी घ्या.

प्रश्नातलं "बँकेचं व्हॅल्युएशन झालंय" हे वाचूनच लिहायला बसलो. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो उद्या कर्ज थकलं तर फ्लॅट विकून पैसे वसूल होतील का, एवढं बघायला. टेप लावतो, फोटो काढतो, आसपासचा दर विचारतो, मांडणी मंजूर नकाशाशी जुळते का बघतो आणि "उर्वरित आयुष्य" या रकान्यात आकडा टाकतो. तो आकडा बहुतेक वेळा ६० मधून इमारतीचं वय वजा करून आलेला असतो. छताला हातोडी लावणं हे त्याचं कामच नाही, त्यामुळे त्याला दोषही नाही. दोष आहे तो कागद नाचवून "बिल्डिंग बँकेनं पास केलीय" म्हणणाऱ्या एजंटचा.

डोंबिवली पूर्वेचा एक फ्लॅट सांगतो, त्यात सगळं एका जागी सापडतं. १९८९ चं बांधकाम, तळ अधिक चार, दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. नवा रंग, संडास-बाथरूमला छतापर्यंत टाइल्स, हॉलला आणि पॅसेजला पीओपीचं फॉल्स सीलिंग. हॉलला सीलिंग लोक हौसेनं करतात. सव्वा मीटर रुंदीच्या अंधाऱ्या पॅसेजला हौसेनं कोण करतं? पॅसेजच्या वर बहुतेक इमारतींत वरच्या घराच्या संडास-बाथरूमची कड येते, आणि सीलिंग तिथे झाकण म्हणून बसतं.

सीलिंगमधला एक गोल दिवा खाली ओढून त्या भोकातून टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा आत घातला, तर सळया रांगेनं उघड्या पडलेल्या. मालकाच्या परवानगीनं हातभर चौकोन कापून मापं घेतली. सळई मूळची ८ मिमीची, १५० मिमी अंतरानं. वायर ब्रशनं गंज झाडून व्हर्नियर लावला तर व्यास उरला ५.५. ऐकायला वाटतं अडीच मिमीच तर गेलं. पण ताण घेतं ते सळईचं क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गानं घटतं. ५.५ भागिले ८, त्याचा वर्ग ०.४७. निम्म्याहून जास्त लोखंड गेलेलं, आणि खाली पीओपीची नक्षी.

हे झालं कसं? पहिलं कारण कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य वातावरणातल्या स्लॅबला २० मिमी कव्हर लागतं, १२ मिमीपर्यंतच्या सळईला १५ चालतं. इथे होतं जेमतेम १०. त्या काळात कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचे तुकडे सारायचे. ओतकामाच्या वेळी माणसं सळयांवरून चालली की खडी निसटते आणि सळई शटरिंगला टेकते. दुसरं कारण कार्बोनेशन. ताज्या काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो गुण मारतो. ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलिनचं १ टक्का द्रावण फवारलं की शाबूत काँक्रीट गुलाबी होतं, मेलेलं तसंच राखाडी राहतं. इथे ३० मिमी खोलपर्यंत रंगच आला नाही, आणि सळई १० मिमीवर. म्हणजे तिचं कवच उतरून बरीच वर्षं झाली होती. आता फक्त पाणी हवं होतं.

ते वरून येत होतं. तिसऱ्या मजल्यावर जाऊन बघितलं तर बाथरूममध्ये पायरी चढून जावं लागत होतं. बाथरूमची जमीन पॅसेजपेक्षा १५-२० मिमी खाली असायला हवी, इथे ती ७५ मिमी वर. याचा अर्थ गळती झाली की जुनं न फोडता त्यावरच नवा कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग थर) आणि नव्या टाइल्स. अशा ब्रिकबॅट कोब्याच्या १०० मिमी थराचं वजन चौरस मीटरला ढोबळ १८० ते २०० किलो होतं. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं-सामान धरून चौरस मीटरला २०० किलोच्या भारासाठी डिझाइन करतात. म्हणजे तिथली जवळजवळ सगळी जागा वॉटरप्रूफिंगनंच खाल्ली, माणूस आत शिरायच्या आधी. आणि गळती होती नहाणी ट्रॅपच्या (पाणी वाहून नेणाऱ्या जमिनीतल्या भांड्याच्या) सांध्याला, तळाशी. वर संगमरवर घातला तरी ती थांबणार नव्हती.

याच ठिकाणी आधी एकदा "दुरुस्ती" झालेली होती. गंजलेल्या सळईवर पॉलिमर मॉर्टर चोपडून रंग दिलेला. कंत्राटदार हे काम दोन दिवसांत करून देतात, आणि ते दोन-तीन पावसाळ्यांत पडतं. नीट करायचं तर सळईच्या मागे बोट जाईल इतकं, निदान २० मिमी, काँक्रीट फोडावं लागतं, सळई मागून-पुढून पांढरी होईस्तोवर घासावी लागते. गंजरोधक लेप, क्षेत्रफळ घटलं असेल तर जोडीला लॅप देऊन (जुन्या सळईशी पुरेशी लांबी जोडून) नवी सळई, बाँड कोट (जुनं-नवं चिकटवणारा लेप), मग मॉर्टर थराथरानं. हे न करता नुसतं ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेची जुन्या काँक्रीटमधली सळई उलट जास्त वेगानं गंजते. म्हणून छताला ताजं चौकोनी ठिगळ दिसलं तर त्याच्या कडेनं ठोका. मधोमध आवाज छान येणारच.

आता तुमच्या इमारतीकडे. फ्लॅटमध्ये शिरण्याआधी तळमजला बघा. स्टिल्ट (कॉलमांवरचा मोकळा पार्किंगचा तळ) असेल तर कॉलमच्या पायथ्यापासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत नीट, तिथे पावसाचं आणि गाड्या धुण्याचं पाणी उडतं. कॉलमच्या कोपऱ्यावर उभी भेग म्हणजे आतली मुख्य सळई फुगली, गंजाचं आकारमान लोखंडाच्या कितीतरी पट असतं. दुकानं असतील तर प्रत्येक दुकानात शिरा. शटर रुंद करायला कॉलम तासलाय का, दोन गाळे एक केलेत का, पोटमाळा बीमला छिद्र पाडून टांगलाय का. २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची सिद्धी-साई इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा बोट तळमजल्यावर चाललेल्या कामाकडेच गेलं होतं. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी काय खिळा ठोकला असेल तेवढाच.

मग गच्ची. कोब्यावर कोबा किती, पाण्याच्या टाकीखालचे बीम, पॅरापेटमध्ये (गच्चीच्या कठड्यात) पिंपळ. मग डक्ट (सांडपाण्याच्या पाइपांची उभी पोकळी), नाक दाबून का होईना. पाइपाचे सांधे आणि त्यामागची भिंत तिथेच दिसते, आणि डक्टला कोणी रंग देत नाही. शेवटी तुमचा फ्लॅट, त्याच्या वरचा आणि खालचा. वरचा बघू देत नसतील तर निदान तुमच्या संडास, बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या छतावर एकही सीलिंग न उघडता राहता कामा नये.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. कॉलम आणि विटेची भिंत यांच्या जोडावरची सरळ रेघ बहुधा जाळी न लावता केलेल्या प्लास्टरची असते, तिच्यावरून व्यवहार मोडू नका. गिलाव्यावरचं कोळिष्टकासारखं जाळंही सोडून द्या. बीमच्या तळाला लांबीनं धावणारी भेग, तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ, छज्जाच्या मुळाशी वरच्या अंगाला गेलेली भेग, या तिन्हींपैकी एक जरी दिसली तरी इंजिनिअरला बोलवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यंत्रांबद्दल थोडं. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकद सांगणारं) सगळे वापरतात कारण स्वस्त आहे, पण त्याच्या अंदाजात ±२५ टक्के फरक भारतीय मानकच गृहीत धरतं. त्यात जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशननं टणक होतो आणि आकडा उलट चांगला येतो. अल्ट्रासॉनिक (काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजणारं) जास्त भरवशाचं. वेग सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर चांगलं, त्याच्या खाली शंकास्पद. हाफ-सेलमध्ये (सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या चाचणीत) उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. ठाणे-डोंबिवली-वसई पट्ट्यातल्या त्या काळच्या बांधकामांत खाडीची रेती बरीच गेलीय (मुंब्र्याजवळच्या रेतीबंदरचं नाव उगाच पडलेलं नाही), म्हणून तिथे ड्रिलची भुकटी काढून क्लोराइड (मिठाचा अंश) तपासून घ्या. मर्यादा घनमीटर काँक्रीटला ०.६ किलो आहे. त्याच्या वर असेल तर आज केलेली दुरुस्ती उद्या शेजारी फुटणार.

कागद. ३० वर्षं उलटलेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानं लागतं, मुंबईत महापालिका अधिनियमाचं कलम ३५३-ब, इतर महापालिकांत २६५-अ. सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलंय. तुमची इमारत ३२ ची, म्हणजे अहवाल असायलाच हवा. तो मागा आणि शेवटच्या पानावरचा वर्ग बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे काही भाग किंवा सगळी रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सोबत मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. "दुरुस्तीसाठी प्रति सदनिका वर्गणी" असा विषय कुठे पुढे ढकललेला सापडला तर ती वर्गणी तुमच्याच माथी येणार आहे. ती किमतीतून वजा करून घ्या.

खर्चाचं: इमारत, किती घरं उघडतात आणि यंत्रांची किती ठिकाणं, यावर ठरतं. नुसती डोळ्यांनी आणि हातोडीनं केलेली पाहणी, दोन-चार ठिकाणी फिनॉल्फ्थॅलिन आणि लेखी अहवाल एवढं तुम्ही नोंदणी शुल्काचे जे ३०,००० भरणार आहात त्याच्या आत बसायला हवं. अल्ट्रासॉनिक, कोअर (तपासणीसाठी कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल) वगैरेचे पैसे वेगळे, दर ठिकाणामागे. महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या. "तपासणी फुकट" म्हणणारा वॉटरप्रूफिंगवाला घेऊ नका, त्याला प्रत्येक घरात गळतीच सापडते.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एका फ्लॅटची तपासणी अख्ख्या इमारतीचा निर्वाळा देत नाही. पाया तर कोणी बघतच नाही. आणि सोसायटीनं पुनर्विकासाचा करार नोंदवून झाला असेल तर सळया मोजण्यात पैसे घालवू नका, करारातला कार्पेट एरिया आणि भाड्याचं कलम वाचा. इमारतीचं वय मात्र दोन्हीकडे फसवं. महाडची तारिक गार्डन २०२० मध्ये पडली तेव्हा फार तर दहा वर्षांची होती.

राहता राहिले सेक्रेटरी. गच्ची, स्टिल्ट आणि डक्टसाठी त्यांचं लेखी पत्र आधीच घ्या, नाहीतर हातोडी बाहेर काढली की तक्रार ठरलेली: "तुम्ही ठोकलंत म्हणून प्लास्टर पडलं." ही हातोडी असते पाव किलोची, आणि मारायची असते दारावर टकटक करावी तशी. घट्ट बसलेलं प्लास्टर टणटण वाजतं आणि जागचं हलत नाही. सुटलेलं बदबद वाजतं, आणि पडायचं ते पडतं. पडलेला तुकडा टाकून देऊ नका. उलटा करा. मागच्या अंगाला सळईची चर उमटलेली असते, तिच्यात पापुद्र्यांचा तांबूस गंज. डोंबिवलीच्या त्या स्लॅबचा तुकडा सेक्रेटरींच्या हातात दिला तेव्हा त्या चरीत कोळ्याचं जाळं होतं, धुळीनं भरलेलं, दोन वाळक्या माश्यांसकट.