पळस फुललाय, मुलांना घेऊन कुठे जाऊ?

फाल्गुन लागला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात: मुलांना घेऊन जायचं कुठे? त्यातली काही इथे घेते आहे. आपला वसंत किती थोडा टिकतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. माघ सरता सरता स्वेटर आत जातात आणि गुढी उतरते न उतरते तोच माळ्यावरचा कूलर खाली येतो. मधले जे काही आठवडे मिळतात, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. उन्हाळ्याच्या सुटीसाठी राखून ठेवू नका.

ताई, आम्ही मनीषनगरला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार. ह्यांना फक्त रविवारी सुटी असते. सगळ्यांचं आवरून निघता निघता अकरा वाजतात. मग उन्हात मुलं किरकिर करतात आणि शेवटी आम्ही मॉलमध्ये जाऊन बसतो. महाराजबाग, फुटाळा, अंबाझरी सगळं बघून झालं. नवीन काही सुचवाल का?

जागा त्याच राहू द्या, वेळ बदला. मार्चमध्ये आपल्याकडे साडेनऊनंतर उन्हाला चटका येतो, आणि चार वर्षांचं लेकरू त्यानंतर किरकिर करणारच. त्यात तिचा काही हट्ट नाही. शनिवारी रात्रीच पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि डबा दाराशी ठेवा. मुलांच्या आंघोळी परत आल्यावर. साडेसहाला सेमिनरी हिल्सवर पोहोचा. तेव्हा वर्धा रोडही मोकळा असतो.

आणि एका सकाळी एकच जागा. माझा आग्रह असेल तर एवढाच. आधी जपानी गार्डन, मग फुटाळा, मग येताना तेलंगखेडी, अशी साखळी लावली की मुलांच्या वाट्याला फक्त गाडीत बसणं आणि उतरणं येतं. त्यापेक्षा टेकडीवर फुललेला एक पळस शोधा आणि त्याच्यासमोर चटई टाका. या दिवसांत पळसावर पान नसतं, सगळं झाड केशरी असतं. त्या फुलांतल्या मधासाठी पक्षी येतात: शिंजीर, साळुंक्या, काळा कोतवाल. मुलाला वही द्या. एका झाडावर किती प्रकारचे पक्षी आले, एवढंच त्यानं लिहायचं. नावं आली नाहीत तर रंग लिहू दे, चोच कशी ते काढू दे. आठ वर्षांची मुलं या कामाला किती चिकटून बसतात ते मी माझ्या शनिवारच्या वर्गात नेहमी बघते.

कुठून तरी ‘टुक टुक टुक’ असा एका तालात, न थकता आवाज येईल. तो तांबट पक्षी. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. आवाज लगेच ऐकू येतो, पक्षी मात्र सापडता सापडत नाही, त्यामुळे त्याला शोधण्यात बराच वेळ छान जातो. मुलीसाठी काटेसावरीखालची जागा बघा. सावरीची लाल फुलं जाडजूड असतात आणि अख्खीच्या अख्खी खाली पडतात. ती गोळा करायची, पाकळ्या सुट्या करायच्या, आतले केसर मोजायचा प्रयत्न करायचा. खोडावरच्या काट्यांना हळूच बोट लावून बघायचं. चार वर्षांच्या मुलीला याहून जास्त काही लागत नाही. झाडावरचं मात्र काही तोडू देऊ नका.

डबा घरचा घ्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि संत्री. मृग बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात, ती अंबिया बहारापेक्षा गोड लागतात असं माझं मत आहे. रस्त्यात पोहे खायचे झाले तर मुलांच्या बशीत तर्री नको, वरचे चणे चालतील. नऊला परतीला लागा.

एखाद्या रविवारी सकाळ जमलीच नाही, तर घरीच थांबा आणि चारनंतर मेट्रो पकडा. तुम्हाला उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगर जवळ पडेल. तिथून ऑरेंज लाईन गाडी न बदलता कडबी चौकापर्यंत नेते. मुलांना उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांतून बघू द्या. गड्डीगोदामला खाली कामठी रोड, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो, असे चार मजले आहेत. मुलाला आधी कागदावर काढून दाखवा, म्हणजे तिथे आल्यावर तो आपणहून खिडकीशी जाईल. कडबी चौकाजवळ मोतीबागेत रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे. ते 2002 साली सुरू झालं. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर ठेवून विदर्भात आणि सातपुड्यात ज्या छोट्या गाड्या धावत, त्यांची इंजिनं, डबे आणि सामान तिथे आहे. मुलाला घरून टेप घेऊन जाऊ द्या. रुळांतलं अंतर स्वतः मोजलं की तो आकडा त्याचा होतो. उघडण्या-बंद होण्याची वेळ निघण्याआधी विचारून घ्या.

येताना उजेड असेल तर झिरो माईलला उतरा. दगडी खांब आणि चार घोडे सगळ्यांना माहीत आहेत, पण तिथे सिवनी, छिंदवाडा, जबलपूर, रायपूर, हैदराबाद अशा गावांची अंतरंही मैलांत कोरलेली आहेत. ती वाचून किलोमीटर काढायचं काम मुलाकडे द्या.

ताई, नमस्कार. मी महालात राहतो, वय 71. होळीला बंगळुरूहून नातवंडं येताहेत, एक सहा वर्षांचं आणि एक नऊ. आमच्या लहानपणी आम्ही पळसाच्या फुलांचा रंग करायचो, पण तेव्हा तो आई करायची. मला तो मुलांबरोबर करायचा आहे. कृपया सविस्तर सांगा.

काका, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. नातवंडांना घेऊन सकाळी फुलं वेचायला जा. शहराबाहेर निघालात की काटोल रोडला, अमरावती रोडला पळस आहेत. फक्त खाली पडलेली, त्याच दिवसाची ताजी फुलं घ्यायची. देठाकडचा काळसर मखमली भाग मुलांकडून काढून घ्या. त्यांना ते काम आवडतं. मग मोठ्या पातेल्यात फुलं बुडतील एवढं पाणी घालून मंद आचेवर ठेवा. गॅसजवळचं काम तुमचं. पाणी दाट केशरी दिसू लागलं की झाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पातळ सुती कापडातून गाळा, फुलं हातानं पिळून घ्या. मुलांचे हात पिवळे होतील, ते धुतल्यावर जातात. पांढरे कपडे मात्र जपा.

जुनी माणसं रंग गडद व्हावा म्हणून चिमूटभर चुना घालायची. लहान मुलं आहेत, डोळ्यांत उडण्याची भीती असते, तेव्हा चुना टाळा. रंग थोडा फिका राहील, राहू दे. दोन दिवसांत पाण्याला वास येतो, म्हणून होळीच्या आदल्या दिवशी केलं की पुरे. आणि कुणाची कातडी नाजूक असेल तर आधी मनगटावर थोडा लावून बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सुचवते. मुलं आठ-दहा दिवस आधी येणार असतील तर चाकोल्या करा. शेणाच्या छोट्या चपट्या, मधोमध बोटानं भोक, उन्हात खडखडीत वाळवून सुतळीत ओवलेली माळ. पहिल्यांदा शेणात हात घालताना मुलं नाक मुरडतील, पण एकदा बसली की उठणार नाहीत. स्वतःच्या हातची माळ होळीत टाकण्याची मजा त्यांना बंगळुरूला कोण देणार? गाठ्या घ्यायला त्यांना इतवारीत घेऊन जा. साखरेच्या गाठी आपल्याकडे होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात, हेही त्यांना तुमच्याकडूनच कळू दे. पळसाच्या पानांचे द्रोण शिकवायचे असतील तर ते या भेटीत जमणार नाही. पानं फुलांनंतर येतात. त्यासाठी त्यांना मेमध्ये पुन्हा बोलवा.

आमचा साडेतीन वर्षांचा मुलगा वाघाच्या चित्रांनी वेडा आहे. या महिन्यात पेंचला सफारीला न्यावं का? (काटोल रोड)

थोडं थांबा. सिल्लारीहून जिप्सीत काही तास शांत बसणं साडेतीन वर्षांच्या मुलाला झेपत नाही, आणि वाघ दिसेलच असंही नाही. तुमच्या रस्त्यावरच गोरेवाडा आहे. तिथली भारतीय सफारी 2021 च्या 26 जानेवारीला सुरू झाली. बसमध्ये बसून वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं बघता येतात. सकाळची पहिली फेरी घ्या, सोमवार टाळा. पेंच तो सात-आठ वर्षांचा झाला की.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. कुठेही नेलं तरी तो दगड गोळा करतो. बागेत झोपाळ्यावर बसत नाही, दगड उचलत बसतो. घरात खोकी भरली आहेत. सासूबाई म्हणतात, याला मुलांसारखं खेळायला शिकवा. मला कळत नाही, की याला थांबवू की कुठे घेऊन जाऊ? (झिंगाबाई टाकळी)

थांबवू नका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, हे मुलांसारखंच खेळणं आहे.

तुमच्या मुलाचा जन्म अगदी योग्य गावात झाला आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हा सगळा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. पश्चिमेकडून महाराष्ट्रभर पसरलेल्या त्या लाव्ह्याचा पूर्वेकडचा काठ आपल्या नागपुरापाशी येतो. लाव्हा एकदम आला नाही, थरांनी आला. दोन थरांच्या मधल्या काळात इथे तळी साचली, त्यांत गोगलगायी होत्या, काठाला झाडं होती. त्या गाळाचे दगड झाले आणि त्यांत जीवाश्म राहिले. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी नागपूरजवळच्या टाकळीला असे जीवाश्म गोळा केले, आणि भूशास्त्राच्या पुस्तकांत आजही टाकळीचं नाव आहे. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. तेही खिशात दगड भरूनच फिरत असणार, असं मुलाला खुशाल सांगा.

टेकड्यांवर खणायचं नाही, सेमिनरी हिल्स ही वनजमीन आहे. पण खजिना तुमच्या गल्लीतच आहे. कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं, तिथे गिट्टीचा ढीग असतो. मालकाला विचारा आणि मुलाला ढिगाच्या कडेला बसू द्या. बऱ्याचशा गिट्टीत काळा दगड सापडेल. काही तुकड्यांत बारीक भोकं असतील, ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची. काही भोकं पांढऱ्या किंवा हिरवट खनिजांनी भरलेली असतील. एक भिंग घेऊन द्या.

दुसरं, लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला मिळाला तर उत्तम. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगणातल्या कोरड्या मातीतून फिरवायचा. काळे बारीक कण पिशवीला चिकटतील. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की कण कागदावर पडतात. आपल्या काळ्या दगडात लोहाचं खनिज असतं, दगड झिजून माती झाली तरी ते उरतं. वेगवेगळ्या ठिकाणची माती घेऊन कुठे जास्त कण निघतात हे त्याला तपासू द्या. अंबाझरीची माती, कामठीकडची माती, आजोळची माती. हे एवढं काम महिनाभर पुरतं.

मग अजबबंगल्यात जा. 1863 पासूनचं संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. तिथे भोसल्यांच्या तलवारींकडे ओढू नका, दगड आणि कोरीव लेखांच्या दालनात त्याला हवा तेवढा वेळ थांबू द्या. गांधीसागरासमोरच्या रामन विज्ञान केंद्राच्या आवारात डायनोसॉरचे मोठे पुतळे आहेत, तेही त्याला आवडतील. खोक्यांचं म्हणाल, तर प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन नंबर घालायला सांगा आणि वहीत त्या नंबरापुढे कुठे सापडला ते लिहून ठेवू दे. ज्याची नोंद नाही तो दगड परत अंगणात. पसारा निम्मा होईल.

माझी मुलगी अकरा वर्षांची. सकाळची शाळा सुटली की बाराला घरी येते, मी सहाला ऑफिसातून येते. घरी माझी आई असते. रविवारी मी तिला बाहेर नेते, पण रोजच्या दुपारीचं काय? ती मोबाईल सोडत नाही. (नंदनवन)

आजी घरी आहे, हे फार मोठं भांडवल आहे. तुमच्या आईंना सरगुंडे येत असतील तर या दिवसांत लेकीला शिकवायला सांगा. भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची कला हातात बसायला दिवस लागतात, आणि अकरा वर्षांच्या बोटांना ती लवकर येते.

दुसरं काम सावलीचं. शाळेतून आली की ते दहा मिनिटांत होतं. एक मीटर लांबीची सरळ काठी मातीच्या कुंडीत उभी रोवा आणि जिथे दुपारचं ऊन येतं तिथे ठेवा. 20-21 मार्चला दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. त्या दिवशी नागपुरात बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्या काठीची सावली साधारण 39 सेंटिमीटर भरेल. तिथून पुढे दर रविवारी त्याच सुमारास मोजायची आणि चौकटीच्या कागदावर टिंब द्यायचं. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो, त्यामुळे सावली आखडत जाते. 26 मेच्या आसपास, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या बुडाशी जाते. त्या दिवशी तुम्ही रजा काढून घरी थांबलात तर तिला फार बरं वाटेल.

काठी तिरकी असेल तर सगळी मोजमापं चुकतात. म्हणून दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा करा आणि मोजण्याआधी प्रत्येक वेळी काठी दोन बाजूंनी तपासून घ्या. टोपी घालूनच मोजायचं, आणि सूर्याकडे बघायचं नाही.