चौघी मैत्रिणी, मिलान आणि कोमोचं तळं

प्रश्न : ताई, आम्ही चौघी नाशिकच्या एकाच शाळेत शिकवत होतो, गेल्या दोन-तीन वर्षांत एकेक करून निवृत्त झालो. सप्टेंबरात एकीच्या लेकीकडे झुरिकला जाणार आहोत. तिथून पाच रात्री इटलीत काढायच्या आहेत. ट्रॅव्हलवाल्यानं असा कार्यक्रम दिलाय : मिलान एक रात्र, दुसऱ्या दिवशी कोमो-बेलाजिओ-लुगानो, मग व्हेरोना, व्हेनिस, परत मिलान. आमच्यातल्या एकीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ती म्हणते, 'माझी काळजी करू नका, मी बसेन कुठेतरी.' हे सगळं जमेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल. पण करू नका, असं मी मनापासून सांगते.

तुमच्या मैत्रिणीचं 'मी बसेन कुठेतरी' हे वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. हेच वाक्य मी ऐकलंय, त्याच कोमोच्या तळ्याकाठी. आम्हीही चौघी होतो. सकाळी मिलानहून निघून संध्याकाळी परतायचं आणि मधे कोमो शहर, तळ्यावरचं बेलाजिओ गाव, एखादा व्हिला म्हणजे तळ्याकाठचा जुना बागेचा बंगला, सगळं बसवायचं ठरलं होतं. बेलाजिओत धक्क्यावरून वर जाणाऱ्या गल्ल्या म्हणजे निव्वळ पायऱ्या, गोट्यांनी बांधलेल्या, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. परतीच्या बोटीला सात-आठ मिनिटं उरली आणि आम्ही तिघी धावत उतरलो. चौथी गुडघेदुखीची. तिनं भिंतीला हात लावत एकेक पायरी दोन्ही पावलं टेकवून उतरायला सुरुवात केली होती. आमच्यापैकी एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. बोटीच्या फळीवर पाय ठेवल्यावर लक्षात आलं. मी परत वर गेले, बोट गेली, पुढच्या बोटीपर्यंत आम्ही दोघी त्या पायरीवर बसून राहिलो. ती रागावली नाही. 'तुम्ही जायला हवं होतं गं,' एवढंच म्हणाली. ते मला अजून बोचतं.

दोन वर्षांनी आम्ही त्याच चौघी परत गेलो, आणि या वेळी तिच्या चालीनं गेलो. तोच कार्यक्रम तुम्हाला सांगते. मिलान दोन रात्री, तळ्याकाठच्या एकाच गावात तीन रात्री. व्हेनिस आणि व्हेरोना सोडून द्या. त्यांच्यासाठी पुन्हा कधीतरी वेगळं जा.

व्हिसाचं आधी उरकते. स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. ज्या देशात जास्त दिवस राहणार तिथला व्हिसा घ्यायचा, म्हणजे झुरिकचा मुक्काम इटलीपेक्षा मोठा असेल तर स्विस. तो इटलीत चालतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. गाडीत पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको, हातातल्या पर्समध्ये हवा, सीमेवर कधीकधी तपासतात.

झुरिक ते मिलान थेट गाडी आहे, साधारण साडेतीन तासांची. वाटेत 57 किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा लागतो, 2016 मध्ये सुरू झालेला, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा.

मिलानमध्ये मी दोनच गोष्टींचा आग्रह धरीन. एक दुओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च. 1386 मध्ये काम सुरू झालं आणि पुढे शतकानुशतकं चालत राहिलं. आत जायला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ असली की झालं. पण खरी मजा छपरावर आहे. लिफ्टचं तिकीट घ्या. लिफ्टनं गेलं तरी वर थोड्या पायऱ्या राहतात, ते तुमच्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा. पहिल्या गच्चीवर थांबली तरी तिचं काही चुकणार नाही, कारण नक्षीदार कमानी तिथेच हाताशी येतात. दगडावर तळवा ठेवून बघा. लांबून पांढरा वाटतो, जवळून त्यात गुलाबी झाक आणि करड्या शिरा दिसतात. हा संगमरवर कांदोलियाच्या खाणीतला, माज्जोरे सरोवराच्या पलीकडचा. तिथून तो नदी, सरोवर आणि कालवे असा पाण्यावरून तराफ्यांनी शहरात यायचा. त्यातला एक कालवा, नाविल्यो ग्रांदे, अजून आहे. संध्याकाळी त्याच्या काठानं चाला. रस्ता सपाट आहे, बसायला जागोजागी जागा आहे.

दुसरी गोष्ट लिओनार्दो दा विंचीचं 'शेवटचं भोजन', येशूच्या शिष्यांबरोबरच्या अखेरच्या जेवणाचं चित्र. सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या चर्चच्या मठातल्या जेवणघराच्या भिंतीवर 1495 ते 1498 या काळात त्यानं ते रंगवलं. ओल्या गिलाव्यावर रंगवायची रीत सोडून त्यानं कोरड्या भिंतीवर रंग चढवला, म्हणून ते त्याच्या हयातीतच खराब व्हायला लागलं. ऑगस्ट 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात त्या खोलीचं छप्पर आणि एक भिंत कोसळली. चित्राच्या भिंतीला वाळूच्या पोत्यांचा आधार दिलेला होता, ती उभी राहिली. थोड्याथोड्या लोकांना 15 मिनिटांसाठी आत सोडतात. तिकिटं महिने-महिने आधी विक्रीला येतात आणि लगेच संपतात, तेव्हा प्रवासाची तारीख ठरली की हॉटेलच्याही आधी हे बघा. नाही मिळालं तर हळहळत बसू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिलान सेंट्राले स्टेशनहून वारेन्ना या तळ्याकाठच्या गावी जा. सोंद्रियो-तिरानोकडे जाणारी गाडी, तासाभराचा प्रवास. डावीकडच्या खिडक्या धरा, लेक्को स्टेशन सोडलं की तळं त्याच बाजूला लागतं आणि मग बोगद्यांच्या मधेमधे दिसत राहतं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून ठसा मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो.

कोमोचं तळं उलट्या इंग्रजी वायसारखं आहे. दोन पायांच्या टोकांना कोमो आणि लेक्को, फाट्यावर बेलाजिओ, पूर्व काठावर वारेन्ना, समोर पश्चिमेला मेनाजिओ. खोली 400 मीटरहून जास्त. राहायला वारेन्ना निवडायचं कारण सोपं आहे : रेल्वे स्टेशन आणि बोटीचा धक्का दोन्ही गावातच आहेत. गावात पायऱ्या इथेही आहेत. म्हणून घर घेताना मालकाला एकच प्रश्न विचारा, 'धक्क्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या?' आकडा लिहून मागा. बॅगा लहान न्या, फरसबंदीवर मोठ्या बॅगेची चाकं रडतात.

तिथे काय करायचं? पहिल्या संध्याकाळी काहीच नाही. धक्क्यापासून गावाकडे पाण्याच्या कडेकडेनं कठडा असलेली पायवाट जाते, तिच्यावरून जा आणि बसा. दिवसभर दक्षिणेचा वारा असतो, त्याला तिथे ब्रेवा म्हणतात. पहाटेचा उत्तरेकडून येणारा तो तिवानो. संध्याकाळी ब्रेवा पडला की पाणी स्थिर होतं, दिवसाच्या सहलीवाले गेलेले असतात आणि पायऱ्यांशी पाणी आपटल्याचा बारीक चुळुकचुळुक आवाज तेवढा राहतो. आमची ती मैत्रीण तिथे तासभर चप्पल काढून बसली होती. कोणालाही कुठे पोचायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हिला मोनास्तेरो. पूर्वी जोगिणींचा मठ, आता पाण्याच्या कडेनं पसरलेली लांबलचक बाग. तुमच्यात कोणी विज्ञान शिकवत असेल तर तिला खास दाखवा. 1953 पासून इथे भौतिकशास्त्राची उन्हाळी शाळा भरते. 1954 मध्ये अणुशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मीनं इथे व्याख्यानं दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गेला, आणि ती शाळा आज त्याच्या नावानं चालते. बेलाजिओ बोटीनं 15 मिनिटांवर आहे. सकाळी लवकर जा, व्हिला मेल्झीच्या बागेत बसा, गर्दी वाढायच्या आत परत या. वरच्या गल्लीत तिला चढवायची गरज नाही. तळ्याकडेचा रस्ता सपाट आहे.

तिसऱ्या दिवशी अंगात उत्साह असेल तर बोटीनं कोमो शहर. विजेच्या दाबाचं एकक ज्याच्या नावावरून पडलं तो व्होल्टा इथला, जन्म 1745. त्याची उपकरणं तळ्याकाठच्या छोट्या स्मारकात ठेवली आहेत. आणि हे रेशमाचं गाव. सूत आता मुख्यतः चीनमधून येतं, पण विणाई, रंगाई, छपाई इथे होते. तुमच्या जिल्ह्यात येवला आहे, पैठणी हातात धरून पारखणाऱ्या बायका तुम्ही. स्कार्फ घेताना उलटी बाजूही बघा, कडा हातानं गुंडाळून शिवली आहे की मशीननं ते तपासा. एक चांगला घ्या, चार स्वस्त नकोत.

व्हेनिस राहिलं म्हणून कोणी काही म्हणालं तर म्हणू द्या. तुम्ही मैत्रिणीसोबत जाताय.

प्रश्न : मी मिलानला शिकतो. आई आणि दोन मावश्या येणार आहेत. तिघी शाकाहारी, अंडंही चालत नाही. त्यांना तळ्याकाठी दोन दिवस न्यायचंय. केशराचा भात खायला घालू का? – एक विद्यार्थी

उत्तर : तोच भात जपून, बेटा. रिझोत्तो अल्ला मिलानेझे पिवळाधमक आणि सोज्वळ दिसतो, पण मूळ रीतीनं तो गाईच्या नळीतल्या मगजात परततात आणि मांसाच्या पाण्यात शिजवतात. मेनूत तो मांसाहारी पदार्थांत असेलच असं नाही. 'मांस नको' एवढं पुरत नाही, 'सेंत्सा ब्रोदो दी कार्ने' असंही विचारायचं, म्हणजे मांसाचं पाणीही नको. मिनेस्त्रोने सूपलाही हाच प्रश्न. ताज्या पास्त्यात अंडं असतं. स्पगेटी, पेन्ने असा वाळवलेला पास्ता सहसा नुसत्या रव्याचा आणि पाण्याचा. परमेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानं, विरजतात, हे आईला आधी सांग, निर्णय तिला घेऊ दे.

मग काय खायला घालायचं? पोलेंता. मक्याच्या पिठाची उकडच ती, फक्त जास्त वेळ घोटलेली. मशरूमबरोबर माग, वर चीज नको म्हणून सांग. शेजारच्या वाल्तेल्लीना खोऱ्यातली पिझ्झोकेरीही आहे, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लसूण, लोणी. तिच्यात चीज भरपूर असतं, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. स्वयंपाकघर असलेली जागा घे. मावश्यांना मेतकूट आणायला सांग, तांदूळ तिथे उत्तम मिळतो. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत हॉटेलात मिळणं अवघड, संध्याकाळी पाचला काहीतरी पोटात जाऊ दे.

तुझ्या घरी कोणी मासे खाणारं कधी आलं तर त्याला मिस्सोल्तीनी मात्र दे. तळ्यातले मासे मीठ लावून उन्हात टांगतात, मग तमालपत्राची पानं मधे घालून डब्यात दाबून ठेवतात. निखाऱ्यावर भाजले की जो वास येतो, त्यानं आमच्यातली रत्नागिरीची मैत्रीण टेबलावरून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. 'आमच्या अंगणात असाच बांगडा टांगलेला असायचा,' म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

प्रश्न : आम्ही तिघी अशाच मिलान आणि कोमोच्या तळ्याला जाणार आहोत. दोघींचं पेन्शन चांगलं, तिसरीला जेमतेम. ती तोंडानं बोलत नाही. पैशाचं कसं करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : जाण्याआधी बोला, आणि तिला बोलायला लावू नका, तुम्ही बोला. राहण्याची जागा तिला परवडेल तीच घ्यायची, हे दोघींनी आपसात ठरवून मग तिच्यासमोर सहज मांडा. तिचा खर्च आपण करू असं म्हणू नका. स्वाभिमानी बाईला ते लागतं.

तिथे बोट, गाडी, कॉफी, पाणी यांसाठी तिघींनी सारखे पैसे घालून एक सामाईक पाकीट करा आणि ते तिच्याकडेच द्या. मोठं जेवण, रेशीम, बंगल्यांची तिकिटं यांना टीटीएमएम, तुझं तू माझं मी. ज्या बंगल्यात तिला जायचं नसेल तिथे एकीनं तिच्याबरोबर बाहेर थांबा. खर्च कुठे वाचतो तेही सांगते. कॉफी उभ्यानं काउंटरवर प्यायली की बसून प्यायच्या निम्म्याच्या आसपास पडते. हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी आकार लागतो, तो बसण्याचा, त्यावरून वाद घालू नका. मिलानमध्ये रस्त्यांवर हिरवे लोखंडी नळ आहेत, त्यांचं पाणी पिण्याचं, बाटल्या तिथे भरा. तळ्याच्या मधल्या भागातल्या गावांसाठी बोटीचा दिवसाचा पास मिळतो, दोनतीनदा ये-जा करणार असाल तर तोच घ्या. जलद बोटीला जादा पैसे पडतात आणि तिच्यात आत बसावं लागतं, साधी घ्या, तिच्या उघड्या डेकवरून सगळं दिसतं.

शेवटच्या दिवशी पाकिटात जी नाणी उरतील त्यांतून स्टेशनवर तीन कॉफ्या होतात. पैसे तिलाच देऊ द्या.