रक्त-मेंदू अडथळा : 'फुटतो' की 'पाझरतो'?

विचारणा अशी आहे : एका आरोग्यलेखात 'नायट्रिक ऑक्साइडमुळे मेंदूची रक्तभिंत फुटते' असं वाक्य आलं आहे. ते बरोबर आहे का? आणि नायट्रिक ऑक्साइड म्हणजेच हास्यवायू का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे : नाही. हास्यवायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड. त्यात नायट्रोजनचे दोन अणू असतात, नायट्रिकमध्ये एकच.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू मात्र जवळजवळ कोराच राहिला. पुढे १९१३ मध्ये एडविन गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये काहीतरी आड येत होतं. त्यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. पण ती वेगळी भिंत नव्हे. मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तरच तिथे इतकं घट्ट असतं की दोन पेशींमधल्या सांध्यातून सहसा काही निसटत नाही. हे सांधे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले.

म्हणून 'फुटते' हे क्रियापद मला धोक्याचं वाटतं. मराठीत मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणजे रक्तस्राव झाला. इथे तसं होत नाही. सांधे ढिले पडतात आणि रक्तातली प्रथिनं नि पाणी मेंदूत झिरपतं. त्यासाठी 'पाझरणे' हे आपलं नेमकं क्रियापद आहे.

नामाचं म्हणाल तर 'अवरोध' मी टाळतो. मलावरोध, मूत्रावरोध हे शब्द कानात बसलेले असल्याने 'रक्त-मेंदू अवरोध' वाचून मेंदूचा रक्तपुरवठाच तुंबला असं वाटतं. 'अडथळा' हा शब्दही थोडा तसाच आहे, पण तो रुळला आहे. पहिल्या उल्लेखाला 'रक्त आणि मेंदूच्या पेशी यांमधला' असं फोडून लिहिलं की भागतं.

वाक्यातला 'मुळे' सुद्धा सरसकट नको. वाहिन्यांचं अस्तर स्वतःच थोडं थोडं नायट्रिक ऑक्साइड बनवत असतं; त्याने वाहिनी सैलावते, रक्त नीट वाहतं. या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळीही याच वायूच्या जोरावर चालते. अपाय होतो तो मेंदूज्वरासारखा संसर्ग किंवा पक्षाघात झाल्यावर. तेव्हा दाहामुळे दुसरंच एक विकर (एन्झाइम) हा वायू भरमसाट तयार करतं. सुपरऑक्साइडशी, म्हणजे ऑक्सिजनच्या एका क्रियाशील रूपाशी, संयोग होऊन त्याचं पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल संयुग बनतं. ते प्रथिनांना इजा करतं आणि सांध्यांची प्रथिनं तोडणारी विकरंही जागी करतं.

तेव्हा वाक्य असं करावं : 'दाहात अतिरिक्त नायट्रिक ऑक्साइड तयार झालं, तर रक्त-मेंदू अडथळ्याचे सांधे ढिले पडून तो पाझरू लागतो.' लांबलं खरं, पण खोटं राहिलं नाही. आणि मेंदूतल्या गाठीपर्यंत औषध पोचावं म्हणून डॉक्टर कधी कधी मॅनिटॉल देऊन हेच सांधे मुद्दाम सैल करतात, तिथे 'उघडणे' लिहावं. काही तासांत ते पुन्हा मिटतात.